न वाचलेला परिच्छेद

भगवंत नत्थुजी बोंडे यांनी एकोणतीस वर्षं सरकारी नोकरी केली आणि ती सगळी मराठी दप्तरात केली. इंग्रजी कारकून व्हायचं तर खात्याची एक परीक्षा होती. साहेब इंग्रजी उतारा वाचणार, उमेदवारांनी ऐकून तो लिहून काढायचा. भगवंतराव तीत दोनदा नापास झाले. त्यांना इंग्रजी वाचता येई, लिहिताही येई. पण तेच कानावर पडलं की काही उमगत नसे. तिसरी संधी शेवटची. ती १९२७ साली अकोल्यात मिळाली.

अमरावतीला त्यांच्या शेजारी कमलाकांत मास्तर राहत, हायस्कुलातून निवृत्त झालेले. चार महिने रोज संध्याकाळी मास्तरांनी ओट्यावर बसून त्यांना इंग्रजी वाचून दाखवलं.

"समजतंय ना, भगवंतराव?"

"हो मास्तर, समजून राहिलं."

समजत काहीच नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात भगवंतरावांनी मनातल्या मनात दुसरी वाट धरली होती. घर महानुभाव पंथाचं. लहानपणी रिद्धपूरच्या मठात त्यांनी शेकडो वचनं पाठ केली होती. मध्ये कुणी टोकलं की पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं, हा त्यांच्या गुरूंचा शिरस्ता. मागच्या दोन्ही परीक्षांत साहेबांनी कापसाच्या वार्षिक अहवालाची सुरुवात वाचली होती. भगवंतरावांनी नवा छापील अहवाल मिळवला आणि चौदा पानं तोंडपाठ केली. मास्तरांना सांगितलं नाही.

पहाटे घोकंपट्टी ऐकून पत्नी कौशल्याबाईंनी विचारलं, "हे कोन्या देवाचं हाय?"

"सरकारचं."

"मंग पावते का तो?"

परीक्षेत साहेबांनी वाचायला सुरुवात केली आणि भगवंतरावांचा जीव भांड्यात पडला. अहवालच होता. त्यांनी कान मिटले आणि टाक चालवला. साहेबांनी मात्र सरकी काढण्याच्या कारखान्यांवरचा दुसरा परिच्छेद गाळून तिसरा वाचला आणि ते थांबले. सगळ्यांनी टाक खाली ठेवले. भगवंतराव लिहीतच होते.

साहेबांनी जवळ येऊन कागद उचलला. हेडक्लार्कनं त्यांचं बोलणं मराठीत सांगितलं.

"बोंडे, हा मधला मजकूर साहेबांनी वाचलाच नाही. उतारा कुठून चोरला?"

"चोरला नाही जी. छापील अहवाल हाय. मले पाठ हाय."

"म्हणून दाखवा."

भगवंतराव हात जोडून उभे राहिले आणि म्हणू लागले. एक शब्द चुकला नाही. दुसरा परिच्छेद संपल्यावर साहेब हात वर करून काहीतरी बोलले. भगवंतराव दचकले, थांबले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणू लागले. साहेब पुन्हा तेच बोलले. भगवंतरावांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली. आता मागचे उमेदवार हसत होते.

"अहो, साहेब बसा म्हणून राहिले तुमाले!" हेडक्लार्क ओरडला.

चोरीचा आळ गेला. गुण शून्य मिळाले.

अमरावतीला परतल्यावर तीन दिवस भगवंतराव मागच्या गल्लीनं कचेरीत गेले. मास्तर ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेले त्यांना लांबून दिसत. चौथ्या दिवशी मास्तरच दारात आले आणि सवयीनं इंग्रजीत काहीतरी विचारलं. भगवंतरावांची मान सवयीनंच हलली. मग ते म्हणाले,

"नाही समजलं, मास्तर. मले एकही दिवस नाही समजलं."

मास्तर उंबऱ्यावरच टेकले.

"मग चार महिने मी भिंतीला वाचून दाखवलं?"

"हो जी."

"एकदा म्हणायचं होतं. मी हळू वाचलं असतं."

भगवंतरावांनी विचारलं, "आता काय इचारलं तुमी?"

"जेवलात का, एवढंच."