नरखेडची बिननवरदेवाची वरात

नागपूरकडचा माणूस विनाकारण नाचत नाही. नवरदेव घोड्यावर पाहिजे, बाप्पा ट्रॅक्टरवर पाहिजे, गेला बाजार कोणी सरपंच तरी निवडून आलेला पाहिजे. कारणाशिवाय कंबर हलली, की लगेच घरी निरोप जातो, पोराकडे लक्ष द्या म्हणून.

माझा साळा या नियमाविरुद्ध उभा राहिला आणि त्याला निमित्त मी झालो.

मी नागपूरच्या मिहानात, एका विलायती कंपनीत नोकरी करतो. आमचा विलायतेतला टकला साहेब स्क्रीनवर येऊन आम्हाला कामाला लावतो. एकदा मीटिंग लवकर आटोपली आणि त्यानं आपल्या तरुणपणाच्या गोष्टी काढल्या. तिकडे म्हणे काळ्या लोकांना मोठे क्लब दारातूनच परत पाठवायचे. मग वेस्ट इंडीजहून आलेल्या त्या मंडळींनी तळघरांत कपाटाएवढे स्पीकर स्वतः ठोकले आणि तिथेच नाचले. मागाहून गोऱ्यांची पोरंही आली. ओसाड गोदामं भरू लागली. पत्ता ऐनवेळी फोनवर कळायचा. पोलीस मागे लागले, सरकारनं एकसारख्या ठोक्याविरुद्ध चक्क कायदा केला. ठोका मात्र निसटला आणि जगभर हिंडत नागपुरात उतरला. आपल्या हळदीच्या गाण्याखाली जो धुम्म वाजतो आणि शेजाऱ्याच्या खिडकीची काच खाली आणतो, त्याचं माहेर ते तळघर.

हे मी साळ्याला सांगितलं. साहेबाचं गोदाम तेवढं विमानतळाएवढं केलं.

साळा वरातीत डीजे लावतो. पावसाळाभर खपून त्यानंही प्लायवूडचे स्पीकर ठोकले होते, आणि सासरे ते डेकोरेशनवाल्याला विकायला निघाले होते.

"लग्नं संपली का त्यात उंदरं राहतेत," सासरे म्हणाले.

"बाबा, याच्यावर लोकं बिननवरदेवाचे नाचतीन."

"नाचवून दाखव. नाही तं टेम्पो बोलावतो."

जागा ठरली नरखेडची, सासऱ्यांच्या शेतातली संत्र्याची शेड. वेळ सकाळची, कारण त्या आठवड्यात शेतातली थ्री-फेज लाईट दिवसा होती. विलायती रिवाजाप्रमाणे पत्ता ऐनवेळी फोनवर सांगितला, आणि तिथेच घात झाला. इतक्या घाईनं बोलावतात म्हणजे लग्नच! तासाभरात चार तालुके लोटले. नव्या साड्या, इस्त्रीचे शर्ट, हातात आहेराची पाकिटं. सासऱ्यांनी टेम्पोवालाही आणूनच ठेवला.

साळ्यानं बटण दाबलं. झाडावरची संत्री आपोआप गळली, तोडणीचा खर्च वाचला. माणूस मात्र एकही हलला नाही. सगळे दाराकडे तोंड करून उभे.

"नवरदेव अजून काहून नाही आला गा?" एका काकांनी मला विचारलं.

मी साळ्याच्या कानात ओरडलो, "मी फेटा बांधून बसतो बे! कोणाले समजते?"

"नाही भाऊजी. नवरदेव बसला का मी हारलो."

टेम्पोवाला तिकडे स्पीकर बांधायचा दोर सोडून राहिला होता.

शेडच्या कोपऱ्यात बाया संत्री निवडत होत्या. व्यापाऱ्याची गाडी यायची होती, त्यांना कोण सुट्टी देणार? त्यांतली एक ओरडली, "कोनाचं लगन हाय वं?"

"कोनाचंच नाही म्हनते."

"म्हंजे आहेर नाही?"

"नाही."

"सासू पाहून राहिली, असंबी नाही?"

"कोनाची सासू? लगनच नाही तं!"

पहिलीनं हातातलं संत्रं कॅरेटमध्ये टाकलं, पदर खोचला आणि नाचायला लागली. मागून सगळ्या. मग पाहुण्यांनी आपापली पाकिटं खिशात परत घातली. आहेर वाचलेला माणूस काय नाचतो! काका तर असे उडाले, की टिनाचं छप्पर अजून तिथं वर फुगलेलं आहे.

सासरे बराच वेळ हाताची घडी घालून पाहत राहिले. मी जवळ जाऊन विचारलं, "काय मग, मामाजी?"

"नाचून तं राहिले, जवाईबापू. कायले नाचून राहिले, ते मले नोका विचारू."

एवढं बोलून ते टेम्पोवाल्याकडे गेले. स्पीकर न्यायचे नाहीत म्हटल्यावर तो भाड्यावरून कुरकुरला. मग सासऱ्यांनी रिकामा टेम्पो गळलेल्या संत्र्यांनी भरला आणि त्याला मार्केटला पिटाळलं.