इटलीतल्या मायचा घास

मंडळी, आज अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या रिसोडात या दिवशी पितरांची नावं घेऊन निखाऱ्यावर घास टाकतात.

आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. तिथल्या एका म्हातारीनं त्यांना उपाशी पाहून शिळ्या पावाचे थर, मधे चीज, वरून गरम रस्सा असं भाजून वाढलं होतं. आजोबा तिला नुसतं 'माय' म्हणायचे.

आज मी ते पहिल्यांदाच घरी केलं. तळ करपला, तरी बाबा म्हणाले, "पयला घास तिचा."

घास उचलला आणि त्यांचा हात थांबला. "नाव काय होतं व तिचं?"

कोणालाच माहीत नव्हतं.

बाबा निखाऱ्याकडे सरकले. मग म्हणाले, "माह्या बापानं जिले माय म्हटलं, ते माही आजी." घास निखाऱ्यावर ठेवला. "घे, आजी."

तुमच्या पितरांत अशी कोणी आहे का?