पखवाजासंगं मी येते

नवरा दत्तोबा वारून सहा-सात महिने झाले होते, आणि सुभद्राबाईंना आपल्या हातांचं काय करावं ते समजत नव्हतं.

पिंपरी गावाच्या वरच्या अंगाला त्यांचं शेत होतं. ते नव्या औषधाच्या कारखान्यात गेलं. मुलगा सयाजी त्याच कारखान्यात कामाला लागला. घर सून बघायची. खुरपं नाही, पाटी नाही, दावणीला म्हैस नाही. सून गुणाची होती. सासूनं केरसुणी उचलली की लगेच हातातून घ्यायची आणि म्हणायची, "आत्याबाई, तुमी बसा निवांत." तेच बाईंना टोचायचं. साठीला अजून अवकाश होता, अंग काटक होतं, दात शाबूत होते. बसून करायचं काय?

दत्तोबा गावच्या मारुतीच्या देवळात भजनाला पखवाज वाजवायचे. सगळ्या पंचक्रोशीत त्यांच्या हाताचं नाव होतं. ते गेल्यावर सुभद्राबाईंनी पखवाज जुन्या लुगड्यात गुंडाळून खुंटीला टांगला. देवळातलं भजन चालू होतं, पण नुसत्या टाळांवर, लंगडत.

शेजारच्या दोन खोल्यांत नारायणगावाकडचा ज्योतीराम राहायला आला होता. तोही कारखान्यातलाच. त्यानं आपल्या मावशीला आणलं. पुतळाबाई उंच, सावळी, मोठ्यानं हसणारी बाई. कमरेला तंबाखूची चंची. पंधरा दिवसांत विहिरीवर बातमी पसरली, की ही बाई उमर जाईस्तोवर तमाशाच्या फडात होती. मग ती पाण्याला आली की बायका आपापल्या घागरी बाजूला ओढू लागल्या. सुभद्राबाई घागर ओढत नव्हत्या, पण बोलतही नव्हत्या.

एके दुपारी त्या ओसरीवर डाळ निवडत होत्या. शेजारून ढोलकी ऐकू आली. दुखवट्याचं घर शेजारी असताना ढोलकी! सुभद्राबाई सूप खाली ठेवून उठल्या, डोईवर पदर नीट घेतला आणि पुतळाबाईच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

पुतळाबाईनं त्यांना पाहिलं आणि हात थांबवला. "चुकलं माजं, वैनी. ध्यानातच आलं न्हाई. आता न्हाई वाजवत."

एवढ्यावर परत फिरायला हवं होतं. पण सुभद्राबाईंच्या तोंडून भलतंच निघालं. "तुमी शेवटाला घाई करताय. समेवर याच्या आदी."

पुतळाबाई बघतच राहिली. "तुमाला कसं कळलं?"

"जल्म गेला ऐकण्यात. आमच्यात पखवाज होता."

"होता म्हंजी? आता कुटं हाय?"

"खुंटीला."

पुतळाबाईनं बाजूचं पोतं पुढं सरकवलं. "बसा," ती म्हणाली. आणि हे 'बसा' काही सुभद्राबाईंना टोचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पखवाज खुंटीवरून उतरला. चामड्याच्या वाद्या सैल पडल्या होत्या, एका कडेला उंदरानं तोंड लावलं होतं. पुतळाबाईनं तो उलटासुलटा करून पाहिला, वाद्या ओढल्या आणि म्हणाली, "ही ढोलकीची थोरली बहीण. सोभाव तेवढा भारदस्त. वाजवा."

"मी?"

"मंग कोन? मला ढोलकी येती. ह्येचे बोल तुमच्या कानात हायेत, माज्या न्हाईत. मी तुमाला हात दावते, तुमी मला बोल सांगा."

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते, म्हणजे आवाज खोल येतो. ती कणीक दत्तोबांना सुभद्राबाईच मळून द्यायच्या. तेवढं काम झटक्यात झालं. त्यापुढचं मात्र अवघड. पहिले काही दिवस पखवाज असा वाजायचा, की कुणी दाराची कडी ठोकतंय. बोटं सुजली. रात्री तेल कोमट करून त्या बोटं चोळायच्या आणि सुनेला सांगायच्या, थंडीनं दुखताहेत.

पुतळाबाई शिकवायला कडक होती. "भाकरी थापताय काय? हात उचला! मार बसल्याबरूबर हात वर आला पायजे. चटका बसल्यावानी."

पण शिकवणं झालं की चहा व्हायचा. पुतळाबाई म्हणाली, "वैनी, हजार हजार मानसं म्होरं बसायची. शेजारी कोन बसलं न्हाई कवा." दुसऱ्या दिवशी विहिरीवर सुभद्राबाईंनी आपली घागर पुतळाबाईच्या घागरीला लावून ठेवली आणि सगळ्या बायकांदेखत विचारलं, "काय पुतळे, आज कवा बसायचं?"

बातमी सयाजीपर्यंत गेली. संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "आये, कारखान्यात मला लोक इचारत्यात."

"काय इचारत्यात?"

"तुजी आय तमासगिरनीकडं जाती म्हनं."

"मंग सांग, व्हय, जाती. तिच्यापाशी इद्या हाय, ती घ्यायला जाती."

"अन् बाचा पखवाज..."

"त्येंनी काय तो खुंटीला टांगायला केला न्हवता. वाड गं, कालवन वाड त्येला."

पण रविवारी सयाजी पुण्याला गेला तेव्हा बुधवार पेठेतून नव्या वाद्या घेऊन आला आणि आईपुढं ठेवल्या.

पावसाळा सरला तसा हात बसला. एकादशीला संध्याकाळी दोघी सुभद्राबाईंच्या अंगणात बसल्या. एक पखवाजावर, एक टाळ घेऊन. पुतळाबाईचा आवाज अजून गावाच्या वेशीपर्यंत जाईल असा होता. पुढच्या एकादशीला कारखान्याच्या चाळीतल्या बायका आल्या. कुणी बीडकडची, कुणी कोकणातली. नवरे पाळीला गेले की दिवसभर ज्यांना बोलायला माणूस नव्हतं अशा. कोकणातली दुर्गाबाई तिकडच्या चाली घेऊन आली. मग गावातल्याही येऊ लागल्या. एके दिवशी अंगणाच्या कडेला पदर कपाळापर्यंत ओढून छबूबाई बसलेली दिसली, आणि सगळ्यांच्या माना वळल्या. छबूबाई म्हणजे उद्धवरावांची बायको. उद्धवराव सुभद्राबाईंचे चुलत दीर आणि देवळातल्या भजनाचे मुख्य.

बायकोला बोलवायला म्हणून उद्धवराव आले आणि अंगणाच्या बांधापलीकडं उभे राहिले. अभंग संपला, दुसरा सुरू झाला, तरी त्यांनी हाक मारली नाही.

चार दिवसांनी ते ओसरीवर येऊन बसले. टोपी काढून पुन्हा घातली.

"वैनी, रामनवमी जवळ आली. देवळात पखवाजाबगर शोभा न्हाई. तळेगावचा एक वाजवनारा यायला तयार हाय. दादाचा पखवाज तेवढा द्या."

सुभद्राबाई दाराआडून म्हणाल्या, "भावजी, पखवाज एकटा यायचा न्हाई. पखवाजासंगं मी येते."

"देवळात बाईमानूस पखवाजावर? कुटं झालंय का असं?"

"झालं नसंल. तुमी बांदापल्याड हुबं राहून ऐकलंत तवा हात बाईचा हाय का बाप्याचा, कानाला कळलं व्हतं का?"

उद्धवराव म्हणाले, "ठेका सोडला न्हाई तुमी. ते खरं हाय." जाताना उंबऱ्याबाहेर थांबून त्यांनी सांगितलं, "सांजच्याला तालमीला या. अभंग ठरवायचे हायेत."

सुभद्राबाई तडक पुतळाबाईकडं गेल्या. "माज्या शेजारी टाळ घेऊन तूच बसायचं. तुला कोन न्हाई म्हनलं, तर मीबी उठंन."

पुतळाबाई खदखदून हसली. "मी न्हाई बसायची. सारा जल्म लोकांम्होरं गेला गं माजा. मला एकदा खाली बसून ऐकायचंय. मान हलवायची, वा म्हनायचं, मदीच तंबाखू मळायची. ती मजा कवा मिळाली न्हाई मला."

"बरं. मंग म्होरल्या वळीत बसायचं. मागं न्हाई."

"म्होरल्याच वळीत. खांबाला टेकून."

रामनवमीला देऊळ भरलं. चाळीतली माणसं आली, गावची आली. काहीजण नुसती बघायला आली होती, काही नाक मुरडायला. सुभद्राबाईंनी पांढऱ्या लुगड्याचा पदर खोचला आणि पखवाज पुढ्यात घेतला. दुसऱ्या अभंगात त्यांचा एक बोल निसटला. टाळकऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. सुभद्राबाईंनी पाहिलं नाही. एक आवर्तन नुसता डावा हात चालू ठेवला, समेवर अलगद आल्या, आणि तिथून जो उजवा हात उघडला तो अभंग संपेपर्यंत थांबला नाही. खांबाजवळून मोठ्यानं "वा!" ऐकू आलं. पुतळाबाईच्या शेजारी, अंगाला अंग लावून, छबूबाई बसली होती.

त्यानंतर देवळातल्या भजनाला सुभद्राबाईच पखवाजावर बसू लागल्या, आणि एकादशीचं अंगण पुतळाबाईनं सांभाळलं. तिथं तिनं दुर्गाबाईला आणि बीडच्या दोघींना ढोलकी शिकवली. वर्षभरानं चाकणच्या बायकांचं भजनाचं बोलावणं आलं, तेव्हा सयाजीनं बैलगाडी ठरवली. गाडीत कोण कुठं बसणार यावरून सुभद्राबाई आणि पुतळाबाईचं गावाबाहेर पडेपर्यंत भांडण चाललं होतं.