साडूभाऊंची पसंती

पहिल्या खेपेला पसंत पडलेली वस्तू आमच्या साडूभाऊंच्या घरात शोधूनही सापडायची नाही. बाजारात ते वांगी घ्यायला उभे राहिले की वांगी पिकायला लागतात. चष्म्याची फ्रेम त्यांनी इतक्या सावकाशीनं निवडली की तोवर डोळ्यांचा नंबर बदलला, आणि डॉक्टरांनी नवा नंबर लिहून दिला तेव्हा यांच्या मनात आलं, आधी डॉक्टरच दुसरा पाहावा काय? मलकापुरात घर बांधलं, तर रंग कोणता द्यायचा ते ठरेना. ठरेपर्यंत घर जुनं झालं आणि 'आता जुन्या घराले काऊन रंग द्याचा?' म्हणून तो बेतच रद्द झाला. माझी बायको ही त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. ती म्हणते, भाऊजींना स्वर्गात नेलं तरी ते दारात थांबतील आणि याहून बरं दार आहे का म्हणून विचारतील.

हा स्वभाव धंद्यामुळे लागला की स्वभावामुळे धंदा लागला, ते देव जाणे. औद्योगिक वसाहतीत त्यांचा साचे बनवायचा कारखाना. ठिबकच्या नळीचे जोड, डब्यांची झाकणं, बादल्यांचे कान, असल्या प्लास्टिकच्या वस्तू ज्या पोलादी साच्यांतून निघतात, ते साचे. साच्यात एक ओरखडा राहिला तर तो निघणाऱ्या प्रत्येक वस्तूवर उमटतो. म्हणून साचा तयार झाला की साडूभाऊ त्यावरून अंगठ्याचं नख फिरवतात. नख अडलं की साचा परत पॉलिशला. इथवर ठीक होतं. पण हळूहळू ते नख कुठंही फिरायला लागलं. हॉटेलातल्या कपावर, देवळाच्या उंबऱ्यावर, माझ्या मुलाच्या बारशात आहेराच्या वाटीवर, आणि मग सगळ्यांदेखत बाळाच्या कपाळावर! 'फिनिशिंग चांगलं हाये,' असा निर्वाळा मिळाला म्हणून बरं, नाहीतर बायकोनं तिथंच रणकंदन केलं असतं. लग्नात तर ते खुर्ची उलटी केल्याशिवाय बसत नाहीत. 'प्लास्टिकच्या हरेक वस्तूले बेंबी असते, प्राध्यापक. जठून साच्यात प्लास्टिक जाते, तठी खूण राह्यते. बेंबी पाह्यली का साचेवाला कसा हाये ते समजते.' चिखलीच्या एका लग्नात त्यांनी बेंबी पाहायला खुर्ची उचलली, ती नेमकी नवरदेवाचे मामा बसायला वाकले तेव्हाच. मामा धाडकन जमिनीवर आले. सारा मांडव मामांना उठवायला धावला आणि साडूभाऊ हातात उलटी खुर्ची धरून म्हणाले, 'बेंबी घासलीच नाही बे यानं!'

अशा माणसावर सॉफ्टवेअर निवडायची पाळी आली. संगणक ही चपला बाहेर काढून बघायला जायची वस्तू होती, तेव्हाची गोष्ट. त्यांना काम देणाऱ्या ठिबकवाल्या कंपनीनं निरोप धाडला की आता नकाशे कागदावर यायचे नाहीत, संगणकात येतील. यंत्रातल्या कटरला कुठून कसं फिरायचं ते शिकवणारं सॉफ्टवेअर बसवा, नाहीतर दिवाळीनंतर साचे औरंगाबादला करून घेऊ. साडूभाऊ म्हणाले, बसवू की, पण पाहून. आणि पाहणं म्हटलं की त्यांना एकच रीत ठाऊक, स्थळ पाहायची. पोटी मुलगी नाही, त्यामुळे जावई पारखायची हौस राहून गेलेली. ती त्यांनी सॉफ्टवेअरवर भागवून घेतली. विक्रेता रेल्वेनं आला की त्याला कारखान्यात न नेता थेट घरी आणायचं. 'कारखान्यात मानूस जपून बोलते. घरी पोहे खाता खाता मोकळा होते.' मग राजूरचा घाट उतरून मीही हजर. मी बुलढाण्याच्या कॉलेजात कॉमर्स शिकवतो, पण 'पाव्हण्यासंगं इंग्रजी बोलाले घरचं कोनी पाह्यजे' म्हणून मला वरच्या पाटावर बसवत. पहिला प्रश्न ठरलेला: 'तुमचं हे याच्याआधी कोठी देल्लं?' पुण्यातलं, नाशकातलं गिऱ्हाईक कळलं की साडूभाऊ स्वतः चौकशीला जात. तिथं मालकाला भेटत नसत. कारखान्याबाहेरच्या टपरीवर बसून चहाला आलेल्या कामगाराला गाठत. मी कारण विचारलं तर म्हणाले, 'सून सुखात हाये का नाही, हे सासऱ्याले पुसतात काय? भांडेवालीले पुसतात.'

पण खरी परीक्षा वेगळीच होती. त्याच्या आदल्या हिवाळ्यात अक्काला, म्हणजे त्यांच्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारले, बोलणं सुधारलं. उजवा हात तेवढा राहिला. त्याची मूठ अर्धी मिटली ती उघडेना. कपाचा कान तिच्या बोटांत बसेना. डाव्या हातानं पी म्हटलं तर 'डाव्या हातानं मी पानीबी पेत नाही,' आणि दुसऱ्यानं पाजायचं तर नावच नको. जिच्या बोलण्यापुढं सोयऱ्याधायऱ्यांत कुणाची टाप नव्हती, ती अक्का आल्यागेल्यासमोर यायची बंद झाली. पडद्याआड बसून ऐके. साडूभाऊंनी काय करावं? मेणाचा गोळा ऊन करून तिच्या मुठीत दिला आणि दाबून घेतला. त्यावर तिच्या बोटांच्या खाचा उमटल्या. तसा कान कपाला बसवला तर ती आपल्या हातानं चहा पिईल, हा त्यांचा हिशेब. गोळा दिसायला अगदीच ओंगळ, अर्धवट चावून टाकलेल्या रताळ्यासारखा. विक्रेते मोटारीचे नि टेलिफोनचे झकपक साचे सोबत आणलेल्या संगणकाच्या पडद्यावर दाखवायला लागले की साडूभाऊ ते रताळं पुढं करत. 'हे घेऊन जा. याचा साचा दाखवा, न् नमुना कापून आना. बादलीचा कान कोनीबी कापते.'

मी एकदा चिडून म्हणालो, 'अहो, दिवाळी तोंडावर आली. या कानापायी कारखाना जाईल!'

'मंग कारखाना कोनासाठी हाये?' ते म्हणाले.

पहिला आला तो टायवाला. त्यानं गोळ्याचा बिंदू न् बिंदू टिपून संगणकात घातला होता आणि नमुना असा चकचकीत कापून आणला होता की साडूभाऊंचं नख कुठंच अडेना. मला वाटलं, सुटलो. पण ते म्हणाले, 'हे तुमी सुधारलं.'

'येस सर! मूळ आकार ओबडधोबड होता. आमचं सॉफ्टवेअर तो आपोआप सफाईदार करतं. तीच आमची खासियत आहे.'

'खासियत नाही, आगाऊपना हाये तो.' नमुना मात्र ठेवून घेतला. दुसरा आला, त्यानं पडद्यावर अख्खा साचा गरागरा फिरवून दाखवला. करंगळीची खाच आतल्या बाजूला वळलेली, तिथं प्लास्टिक अडकणार हे त्याच्या सॉफ्टवेअरच्या गावीही नव्हतं. 'हा साचा उघडते?' साडूभाऊंनी विचारलं. तो म्हणाला, अर्थात. 'मंग अंदर अडकलेला कान काढाले काय सुईण बलावता?' त्या बिचाऱ्यानं पोहेही पुरते खाल्ले नाहीत.

तिसरा नाशिकचा. अंगानं किडकिडीत, बोलायला कंजूस. त्याच्या पडद्यावर करंगळीपाशी लाल डाग दिसत होता. 'इथं अडकतंय, साहेब. साचा सरळ उघडणार नाही, थोडा तिरका घ्यावा लागेल. खाचा मी बुजवल्या नाहीत, आहेत तशाच ठेवल्यात.' आणि त्यानं नमुना टेबलावर ठेवला. रताळं ते रताळंच. साडूभाऊंचा चेहरा असा खुलला की मी मनातल्या मनात अक्षता टाकल्या. पण खोड ती खोड! घसा खाकरून ते म्हणाले, 'पाह्यतो. कळवतो.'

ज्यानं आयुष्यात एक जरी स्थळ पाहिलं असेल त्याला 'कळवतो'चा अर्थ सांगायला नको. नाशिककर मुकाट्यानं पिशवी आवरायला लागला. मी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात पडदा सरला आणि अक्का बाहेर आली. आजारानंतर परक्या माणसासमोर पहिल्यांदाच. कुणाकडं न पाहता तिनं डाव्या हातानं कोनाड्यातला तो चकचकीत नमुना उचलला आणि उजव्या मुठीत खोचला. तो सटकून दिवाणाखाली गेला. मग नाशिकचा खोचला. तो बसला. तिनं हात वर केला, पार ओठांपर्यंत नेला, खाली आणला. नमुना हलला नाही.

'कळवतो काय कळवतो?' ती नवऱ्याला म्हणाली. 'मले पाह्याले आल्ते, तवा पोहे थंडे व्हाच्या आधी हो म्हनलं ना? बशी उलटी करूनबी नाही पाह्यली. आता काऊन गाडं अडलं?'

साडूभाऊ खाली बघत राहिले. या वयात माणूस लाजलेला पाहणं बरं नव्हे, पण आम्ही पाहिलं. 'तवा सुचलंच नाही तपासाचं,' एवढंच ते म्हणाले. मग नाशिककराकडं वळून, 'पसंत हाये.'

कारखाना राहिला, काम राहिलं. नव्या सॉफ्टवेअरवर पहिला साचा निघाला तो ठिबकचा नव्हे, त्या कानाचा. स्टीलच्या पेल्याला तो कान बसवला आणि घरात सगळ्यांच्या देखत अक्कानं चहा घेतला. तिनं एक घोट घेतला आणि माझ्या बायकोला म्हणाली, 'साखर कमी घातली बाई तू.' पुढं बरीच वर्षं तिनं त्याच पेल्यानं आमच्या चहात खोट काढली.

आता अक्का नाही. पेलाही कुठं गेला कोण जाणे. साचा मात्र कारखान्यातल्या फळीवर आहे. बाकीच्या साच्यांना तेल लावायला माणसं आहेत. याला साडूभाऊ स्वतः लावतात. परवा गेलो तेव्हा त्यांनी तो माझ्यासमोर उघडला. साच्यात सगळं उलट असतं, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. कानावर जिथं खाचा, तिथं साच्यात पोलाद उभं. म्हणजे एका अर्ध्या भागात अक्काची चार बोटं, जरा वाकलेली, करंगळी आत वळलेली, दुसऱ्यात अंगठा. मला वाटलं, आता नख फिरवतील. त्यांनी नख फिरवलं नाही. त्या चार बोटांवर आपला हात ठेवला.

'थंडी हायेत,' म्हणाले, आणि ती ऊन होईस्तोवर हात तसाच राहू दिला.