विहारातला डास

वर्तकनगरच्या विहारात दर रविवारी माझ्या शेजारी एक धिप्पाड माणूस बसायचा. भरलेली घागर ठेवावी तसा, अगदी हळू. कुणाचं तरी डोकं फोडून जेलात जाऊन आलेला, असं कानावर आलेलं, म्हणून मी चटई जरा लांबच टाकायचो. आपण पडलो सज्जन!

एकदा पंचशील घेताना, जीवहत्या करणार नाही, हे मीच सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं. डोळे मिटले आणि गालावर डास बसला. चटाक्! अख्खा विहार दचकला.

शेजारच्या त्या धिप्पाड माणसाच्या दंडावरच्या जुन्या वणावरही एक डास निवांत बसलेला. तो हळूच म्हणाला, "होतं दादा. माझा पण हात असाच उठायचा."

आता लांब सरकायची पाळी त्याची होती. पुढच्या रविवारी मी चोरून पाहिलं. त्यानं चटई माझ्या चटईला लावून टाकलेली.