संत्र्याच्या आळ्यातली अंडी

अंडी घालायला जमिनीवर उतरलेली सरड्याची मादी मी एकदाच नीट पाहिली. ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा भादवा असावा. मी सौंसरला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. कॉलेजात गेलेला आमच्या घरातला पहिलाच. सरांनी सांगितलं होतं, गावातल्या एखाद्या प्राण्याचं स्वतः निरीक्षण करा आणि वहीत लिहा. बाबा रामाकोन्याकडच्या एका संत्र्याच्या बगीच्यात सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर कामाला. मी तिथेच जाऊन बसू लागलो.

एका झाडाच्या आळ्यात ती पुढच्या पायांनी माती उकरत होती. दोन-चार वेळा उकरायची आणि थांबायची. एक डोळा इकडे, एक तिकडे. पान पडलं तरी थांबायची. चार बोटं खोल खड्डा झाल्यावर ती उलटी वळली आणि पांढरी, लांबट अंडी एकेक करून आत पडू लागली. मग तिने माती लोटली, तोंडाने ठोकून ठोकून बसवली. माझ्या डोळ्यांदेखत सगळं झालं होतं, तरी जागा ओळखू येईना. झाडावर चढून गेली ती पुन्हा पाहायला आली नाही. राखण तिला करायचीच नव्हती. कोणाला कळू नये एवढीच तिची तजवीज.

अंडी कधी फुटतात तेही मला लिहायचं होतं. झाड चुकू नये म्हणून मी खालच्या फांदीला लाल दोरा बांधला. हे लिहिताना आजही संकोच वाटतो. उतारे-गंडे आमच्या घरी कोणी मानत नसे, म्हणून लाल दोरा मला नुसता दोराच वाटला.

त्याच आठवड्यात बगीच्यात फळगळ सुरू झाली. रोज सकाळी हिरवी संत्री झाडांखाली पडलेली असायची. मालक झाडं पाहत फिरत होते. त्यांना दोरा दिसला, आणि दोऱ्याखाली उकिडवा बसलेला मीही.

"काय पुरलं रे इथं?"

"काही नाही जी. सरड्याचे अंडे हायत."

"सरडा तुले सांगून गेला काय, दोरा बांध म्हणून?"

निंदण करणाऱ्या बाया हसल्या, पण जवळ कोणी आलं नाही. बाबा विहिरीकडून धावत आले. मालक त्यांना म्हणाले, "पोट्टा कॉलेजात जाऊन हेच शिकून राहिला काय? इथं भलतंसलतं काही निघालं त तुह्यं साल आजच तुटलं समज."

वर्ष अर्धं राहिलं होतं. मध्येच काढलेल्या माणसाला दुसरं कोण कामावर ठेवणार?

"आमी असं काही मानत नाई, मालक," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "उकर."

पुरलेली अंडी हलवली तर आतला जीव मरू शकतो, हे सरांनी वर्गात सांगितलं होतं. तरी मी बोटांनी माती काढू लागलो. चार बोटं गेलो, मग वीतभर. काहीच नाही.

"निंबू असन रे, जपून," एक बाई लांबूनच म्हणाली.

मालक माझ्या हातांकडे नाही, बाबांच्या तोंडाकडे पाहत होते. आता मलाच शंका येऊ लागली. हेच आळं ना? मी पाहिलं ते खरंच होतं ना? खोडाच्या बाजूला जरा सरकून उकरलं तेव्हा माती मऊ लागली. पांढरं दिसलं.

मालक वाकले. "सरड्याचेच कशावरून? तूनंच आणून ठेवले असन."

मी वहीतलं चित्र दाखवलं, ते त्यांनी पाहिलंही नाही. दोऱ्याला त्यांनी हात लावला नाही. तो मलाच तोडायला लावला. मग बाबांना म्हणाले, "तू राहा कामाले. पण हा पोट्टा बगीच्यात दिसला नाई पाह्यजे."

बाबांनी खाली बसून अंड्यांवर माती लोटली. पायाने नाही, तळहाताने दाबली.

संध्याकाळी घराकडे निघालो. बाबा पुढे, मी मागे. नाला ओलांडल्यावर थांबले.

"खरं सांग बापू. तूनं त नव्हते ना ठेवले?"

"नाही, बाबा."

"बरं," ते म्हणाले. पण पुन्हा चालायला लागायच्या आधी त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.