घशातली पेज

मुंबईहून डॉक्टरकी पास होऊन मी रत्नागिरीच्या एका दवाखान्यात उमेदवारीला आलो, तेव्हा मला शिंगं फुटलेली होती. तिथले थोरले डॉक्टर आम्हाला लहान मुलं तपासायला शिकवत. मूल आईच्या मांडीवरच ठेवायचं, आपले हात आधी चोळून ऊब आणायची, घसा अगदी शेवटी बघायचा. आणि घशात पांढरं दिसलं तर कापसाच्या बोळ्याने पुसून पाहायचं. पुसलं गेलं तर अन्न, चिकटून राहिलं तर घटसर्प. मला हे सगळं फार बाळबोध वाटायचं.

श्रावणातल्या एका सकाळी एक कोळीण तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आली. चार दिवसांचा ताप, आवाज बसलेला. मी चमच्याने जीभ दाबली तर पोरीने चमचाच चावला. तेवढ्यात घशाच्या एका बाजूला पांढरं दिसलं.

"आत्ताच पेज पाजलीय ओ," आई म्हणाली. "दोन घोट घेतलेन, मंग घेयना."

मी जन्मभर सकाळी मऊ भाताची पेज पिऊन वाढलेला. ती घशात कशी दिसते हे मला कोण शिकवणार? पोरगी लाथा झाडत होती, बाहेर माणसं खोळंबली होती. बोळा हाताशी होता, मी तो उचलला नाही. खोकल्याचं औषध लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या श्वासाची घरघर दारातूनच ऐकू आली. थोरल्या डॉक्टरांनी बोळा माझ्याच हातात दिला. मी पुसलं. पांढरं हललं नाही, कडेने रक्त आलं.

घटसर्पावरचं सीरम आमच्याकडे नव्हतं. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून कोल्हापूरला तार करायची आणि दुसऱ्या दुपारच्या मोटारीची वाट बघायची. तार आदल्या दिवशी गेली असती तर सीरम त्याच दुपारी आलं असतं. थोरल्या डॉक्टरांनी गळ्याला छेद देऊन नळी बसवली. मुलगी जरा शांत झाली आणि मला खुळी आशा वाटली. पण विष हृदयापर्यंत पोचलं होतं. मी नाडी धरून बसून राहिलो. त्या बसण्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता. दिवेलागणीला नाडी लागेनाशी झाली.

आई लगेच रडली नाही. "मी पेज पाजली म्हनून झाला काय ओ?" तिने विचारलं.

"नाही, बाई."

"मंग काल घशात काय दिसला तुमाला?"

थोरले डॉक्टर माझ्याकडे बघत होते. "सांग त्यांना," ते म्हणाले.

"रोग फार जोराचा होता," मी म्हणालो.

तिने मान हलवली. मुलीला उचलण्याआधी तिने मला हात जोडले.